सतराव्या भागातलं हसू

संपादकाला दोनशे शब्द हवेत आणि पाचपैकी तारे.
डबा आलाय. चार डिस्क, एक पुस्तिका,
आणि छत्रीच्या आकाराची किल्लीसाखळी,
जी छत्रीसारखी उघडत नाही.

आधी चित्र पाहिलं. नावं ठेवायला जागा नाही.
हमामखान्याच्या फरश्या मोजून घ्याव्यात इतक्या लख्ख.
घरमालक भुताच्या छत्रीवरचं ठिगळ
तेव्हा राखाडी दिसायचं, ते जांभळं निघालं.
बावीस वर्षं मी चुकीचं ठिगळ लक्षात ठेवून होतो.

सबटायटल्स घाईत केलेली.
भूत भाडं मागायला येतं, मागायचं विसरतं,
अंघोळ करून निघून जातं, एवढाच काय तो विनोद.
विसरण्याआधी ते एक श्वास थांबतं;
अक्षरं मात्र आधीच येऊन उभी,
पाहुण्याआधी त्याची चप्पल दारात यावी तशी.
अर्धा तारा कापला.

मग भाषांच्या यादीत खाली हिंदी दिसली
आणि रिमोट हातातच राहिला.

साकीनाक्याला, पत्र्याच्या गाळ्यांमागे,
पहिल्या मजल्यावर आमची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे.
खाली पंचिंग मशीन. त्याची जेवणाची सुट्टी एक ते दोन,
म्हणून आमचं रेकॉर्डिंग एक ते दोन.
त्या तासात कुंदा टिपणीस
भूत, भुताची सासू, हमामातली तिन्ही पोरं
आणि वेळ पडली तर किटली.
काचेच्या अलीकडे मी, डोळा घड्याळावर.
वाक्य जपानी ओठांत पुरं पडेना
की ती एखादं "अगं बाई" आत सरकवायची.
हिंदीत! वरच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सतराव्या भागात भुताला रडायचं होतं.
शेवटचा भाडेकरू जातो, पाणी गार होतं,
कुंदा रडायला लागली
आणि हसली.
पोटातून, आवरता न येणारं, नाकातून फुर्र निघालेलं.
दोनला चार मिनिटं कमी. खिडकीतून दिसत होतं,
मशीनवाला बिडी विझवतोय.
मी म्हटलं, राहू दे.
राहिलं. तसंच गेलं टीव्हीवर, दुपारी साडेचारला.
पुढे एका पोराचं पोस्टकार्ड आलं, वाकड्या अक्षरात:
माझे आजोबापण रडताना असेच हसतात,
त्यांना कुठला आजार आहे का?

तिसरी डिस्क. सतरावा भाग.
भूत रडतंय. स्वच्छ.
मागे नेलं. पुन्हा. हेडफोन लावून पुन्हा.
कुणीतरी कुठेतरी नीटनेटक्या हाताने
आवाजातला दोष म्हणून ते हसू काढून टाकलंय.
जागेवर शांतता आहे. उत्तम प्रतीची.

पुस्तिकेत जपानी कलाकारांचे पानभर फोटो,
एकीच्या मांडीवर तिचं मांजरसुद्धा, नावासकट.
आणि मलपृष्ठाच्या आत, मुंगीएवढ्या अक्षरांत:
हिंदी आवाज, इतर.

कुंदाला फोन लावला. चारकोपला असते आता, भावाकडे.
सांगितलं सगळं, फरश्यांपासून.
ती ऐकत राहिली. मागे कुकरची एक शिट्टी झाली.
म्हणाली, तीन भागांचे पैसे राहिलेत माझे,
डब्यात पाकीटबिकीट आहे का बघ.
मी खरंच डबा उलटा करून झटकला.
ते ऐकून हसली.
पोटातून. नाकातून फुर्र.

मी घड्याळाकडे पाहिलं. सवय.

चित्र, पाच. सबटायटल्स, साडेचार जास्त होतात, चार.
पुस्तिका, दोन, त्यातला एक मांजराचा.
आवाज
इथे पेन टेकवून बसलोय.
शेजारी बादली सरकली. खाली कुणी शटर ओढलं.
रकाना तसाच ठेवून पाठवून दिलं.